हरिकेनची दोन नाकं

कोल्हापूरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी भाचा टेबल फॅनचं खोकं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून माझ्याकडं आला. रेनकोट न काढताच त्यानं खोकं दिवाणावर ठेवून उघडलं. आत त्याचं विमान होतं. हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, रबराच्या पिळावर उडणारं मॉडेल. बाल्सा या हलक्या लाकडाच्या काड्यांचं, टिश्यू कागदानं मढवलेलं, पंखांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत २० इंच. पाच महिने अभ्यासाच्या नावाखाली रात्री जागून केलेलं.

"मामा, दिसतंय भारी, पण उडंना झालंय बघा."

दिसत खरंच भारी होतं. नाकावर पंख्याची काळी टोकदार टोपी, म्हणजे स्पिनर, त्यातून निघालेली तीन काळी पाती, पात्यांची टोकं पिवळी. पोटाखाली रेडिएटर, दोन्ही बाजूंना धुराड्यांच्या नळ्या, आत डोकं वर काढून बसलेला वैमानिक. फक्त कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरची काच, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी पांढुरकी दिसत होती. त्याच्यावर पुढं येतो.

हेच विमान मे महिन्यात तपोवनच्या मैदानावर उडताना मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा ते उघडंबोडकं होतं. रंग नाही, कॅनोपी नाही, पुढं दोन पात्यांचा साधा तयार पंखा. तरी पंधरा सेकंद हवेत राहिलं आणि पलीकडं क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी डाव थांबवून टाळ्या दिल्या. मग सुट्टीत यानं किटमधले प्लास्टिकचे सगळे भाग बसवले, रंग दिला, आणि जूनमधल्या एका उघडिपीला पुन्हा मैदानावर गेला. चार सेकंदांत नाक खाली. पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. मग पावसानं मैदानच बंद केलं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी खात्यात आहे. काल चांगली येत होती ती कास्टिंगं आज रिजेक्ट व्हायला लागली, की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: कालपासून आजपर्यंत काय बदललं? इथं उत्तर समोरच होतं. प्लास्टिक बदललं होतं. पण प्लास्टिकमधलं नेमकं काय, ते शोधायला आम्हाला श्रावण उजाडला.

हरिकेनच का

हा प्रश्न मी त्याला किट मागवतानाच विचारला होता, कारण त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर, जास्त देखणं. त्याचं उत्तर तयार होतं. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची एक नंबरची स्क्वाड्रन हरिकेन घेऊन लढली. तिचे प्रमुख होते अर्जन सिंग. त्या कामगिरीसाठी त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं आणि पुढं ते हवाई दलाचे मार्शल झाले. म्हणून याच्या विमानावरची गोल चिन्हंही त्याच आघाडीवरची, नुसती निळ्या रंगाची. मधला लाल ठिपका नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, घाईत आपल्याच माणसानं आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून तिथं लाल रंग काढून टाकला होता. अकरावीच्या पोराला हे माहीत असतं आणि रसायनशास्त्राच्या परीक्षेची तारीख माहीत नसते.

मला हरिकेन आवडतं ते वेगळ्या कारणानं. खऱ्या हरिकेनच्या मागच्या अंगाला पत्रा नाही. नळ्यांच्या सांगाड्याभोवती लाकडी कड्या, त्यांच्यावर लांब लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड. बाल्साच्या पट्ट्यांवर टिश्यू ताणला की ज्या बरगड्या उठून दिसतात, त्या इतर लढाऊ विमानांच्या मॉडेलवर खोट्या वाटतात. हरिकेनवर त्या खऱ्या आहेत. म्हणजे या विमानाचं मागचं अर्धं अंग आपोआप खरं दिसतं, खटपट असते ती फक्त पुढच्या अर्ध्याची. तिथं पत्रा, काच, इंजिन आणि पंखा. किटमधलं प्लास्टिकही नेमकं तिथंच बसतं.

पहिला निकाल, आणि तो चुकला

चिकटवण्याआधी प्रत्येक भाग तोलून वहीत लिहायची सवय मी त्याला सुरुवातीपासून लावली होती. गुजरीत एका सराफाशी ओळख आहे. त्याच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भागही दिसतो, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना तो बाल्साच्या काड्यासुद्धा सोन्याच्या गांभीर्यानं तोलून देतो. मेमध्ये जुना पंखा धरून विमान होतं १९ ग्रॅमचं. आता भरलं ३५. रबराचे ४ ग्रॅम वेगळे.

पुढचा हिशेब सोपा आहे. खऱ्या हरिकेनच्या पंखांचं क्षेत्रफळ २५८ चौरस फूट. पसारा ४० फूट, याचा २० इंच, म्हणजे प्रमाण चोविसास एक. २५८ ला २४ च्या वर्गानं भागलं की मॉडेलचं क्षेत्रफळ सव्वाचार चौरस डेसिमीटरच्या किंचित आत येतं. मेमध्ये प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साडेपाच ग्रॅमचा बोजा होता, आता नऊच्या वर गेला. रबरावर उडणाऱ्या एवढ्या विमानाला हे फार झालं.

"वजन," मी म्हणालो. "वैमानिक काढ, चाकं बदल, रंग खरवड."

त्याचं तोंड उतरलं. आणि मला माझ्याच खात्यातली शिस्त आठवली: एकावेळी एकच गोष्ट बदलायची. वजन तेवढंच ठेवून दुसरं काहीतरी बदलून पाहिल्याशिवाय वजनाला दोषी धरता येणार नव्हतं.

आषाढ लागला होता. लग्नं नाहीत, मंगल कार्यालयं ओस. एका मित्राच्या कार्यालयाचा हॉल दोन सकाळी फुकट मिळाला, अट एकच, चपला बाहेर. पंखे बंद, खिडक्या बंद. रबराला दरवेळी मोजून १५० फेरे, जास्त नाही, खांद्याच्या उंचीवरून हलकेच सोडायचं. नव्या तीन पात्यांच्या पंख्यावर तीन फेकी झाल्या, तिन्ही तीन ते चार सेकंदांत संपल्या. मग तो पंखा काढून मे महिन्यातला जुना लावला. नवा सहा ग्रॅमचा, जुना तीनचा, म्हणून उरलेले तीन ग्रॅम मातीच्या रूपात नाकालाच चिकटवले. वजन तेच, तोल तोच. पुन्हा तीन फेकी. आठ सेकंद, नऊ सेकंद, आणि तिसऱ्या फेकीला विमान वधूवरांच्या स्टेजवर जाऊन उतरलं.

वजनानं नुकसान केलं होतं, पण निम्म्याहून जास्त नुकसान पंख्याचं होतं.

नट पालथा घातला म्हणून

पंखा किटमध्ये सुटा आला होता. मध्ये हब, त्याला तीन भोकं, आणि तीन पाती, प्रत्येक पात्याच्या बुंध्याला गोल खुंटी. खुंटी गोल म्हणजे पातं भोकात कसंही फिरतं. कोन बांधणाऱ्यानं ठरवायचा. सोबतच्या कागदावर फक्त बाजूनं काढलेलं चित्र होतं, आकडा कुठंच नाही. भाच्यानं नजरेनं बसवलं होतं.

मी कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावला. मध्यापासून ४९ मिलिमीटरवर, म्हणजे पात्याच्या ७० टक्के लांबीवर, कोन आले ४१ अंश, २४ अंश आणि ३० अंश. तीन पाती तीन वेगवेगळ्या वेगांनी पुढं जाऊ पाहत होती. पहिलं हवेत फसत होतं, दुसरं जेमतेम कापत होतं. तिसऱ्याचा कोन बरा, तरी त्याच्याकडं बघून काहीतरी खटकत होतं. काय ते सापडेना.

ते सापडलं उद्यमनगरात. तिथं माझ्या ओळखीचे एक पॅटर्न मिस्त्री आहेत. चाळीस वर्षं सागवानाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, केलेत, पंपाचे इंपेलर तर किती ते त्यांनाही आठवत नाही. मी गेलो होतो कोन बसवायला लाकडी ठोकळा करून घ्यायला. त्यांनी पंखा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रत्येक पात्याची कड नखानं चाचपली.

"ह्ये तिसरं पातं पालथं हाय की."

"पण मिस्त्री, कोन तर बरोबर आहे."

"कोन बरोबरच असणार. पोटाकडची बाजू फुडं आलीया."

भाचा म्हणाला, "पालथं असतं तर वारं पुढं फेकलं असतं ना?"

मिस्त्रींनी बाकावरचा एक नट उचलला, बोल्टावर दोन आटे चढवला, काढला, उलटा केला आणि पुन्हा चढवला. तो तसाच, त्याच दिशेनं चढला. "आता सांग. नट पालथा घातला म्हणून आटं उलटं फिरलं?"

पोरगं गप्प. मीही गप्प, कारण एवढी वर्षं मॉडेलं करून हे मला कुणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

पंख्याचं पातं म्हणजे मळसूत्राचा तुकडा. उजव्या आट्याचं मळसूत्र कुठल्याही टोकानं बघा, उजवंच. म्हणून पातं स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवून बसवलं तरी त्याचा कोन तोच राहतो आणि ते वारं मागंच ढकलतं. पण पात्याला एक फुगीर पाठ असते आणि एक सपाट पोट, एक गोलसर पुढची कड आणि एक धारदार मागची. पाठ विमानाच्या पुढच्या दिशेला हवी, गोलसर कड आधी हवेत शिरायला हवी. पालथ्या पात्यात दोन्ही उलटं होतं. ते काम करतं, पण रडतरखडत. नजरेला कोन बरोबर दिसतो म्हणून ही चूक पकडायला हात लावावा लागतो.

दिशा मुळातच चुकायची तर आरशातलं पातं लागतं. त्याचंही उदाहरण याच घराण्यात आहे. हरिकेनच्या आणि सुरुवातीच्या स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनावरचा पंखा वैमानिकाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना दिसायचा. नंतरच्या स्पिटफायरमध्ये ग्रिफन इंजिन आलं आणि पंखा उलट फिरायला लागला. सुट्या भागांच्या डब्यातून ग्रिफनचं पातं काढून हरिकेनच्या हबात घातलं, तर ते पालथं, सुलथं कसंही लावा, जमणार नाही.

आमच्या हरिकेनसाठी खूण ही. विमान आपल्याकडं तोंड करून धरायचं, एक पातं उभं वर करायचं. त्याची डावी कड आपल्याकडं आलेली आणि उजवी मागं गेलेली दिसली पाहिजे, पाठ आपल्याकडं. समोरून बोटानं पीळ देताना स्क्रू आवळल्यासारखा उजवीकडं द्यायचा. सोडल्यावर पंखा समोरून डावीकडं फिरतो.

कोनाचा आकडा आम्ही काढला तो असा. पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढं सरकायला हवा त्याला पिच म्हणतात. रबराच्या विमानाला ते व्यासाच्या सव्वा पटीच्या आसपास ठेवलं की बरं जमतं, असा माझा अनुभव. आम्ही १.२ धरलं. त्यातून ७० टक्के लांबीवर कोन येतो साडेअठ्ठावीस अंशांच्या जवळ. गंमत म्हणजे पिच आणि व्यासाचं प्रमाण तेच ठेवलं तर पंखा लहान असो की मोठा, त्या जागेवरचा कोन बदलत नाही. मिस्त्रींनी सागवानाचा एकच ठोकळा २९ अंशांवर तासून दिला, मध्ये आसासाठी खिळा. खुंट्या गरम पाण्यात धरून सैल केल्या, पाती काढली आणि एकेक पातं त्याच ठोकळ्यावर टेकवून नव्यानं चिकटवलं. मग दोन उभ्या ब्लेडांच्या धारेवर आस ठेवून बघितलं. एक पातं सारखं खाली जात होतं. त्याची मागची बाजू पॉलिश पेपरनं घासत राहिलो, पंखा कुठंही सोडला तरी जागच्या जागी थांबेपर्यंत. तीन पात्यांचा पंखा तोलणं हे दोन पात्यांच्या दुप्पट नाही, चौपट चिकाटीचं काम आहे.

पुन्हा मंगल कार्यालय, पुन्हा १५० फेरे. सहा सेकंद. चारावरून सहावर आलो, पण जुन्या पंख्याच्या आठ-नऊला अजून मागंच.

खरं माप आणि रबराची ताकद

उरलेला फरक चुकीमुळं नव्हता, खरेपणामुळं होता. खऱ्या हरिकेनचा पंखा साधारण ११ फुटांचा. चोविसाव्या मापात तो १४० मिलिमीटर होतो, आणि किटमधला पंखा तेवढाच होता. माप चोख. पण त्या खऱ्या पंख्यामागं हजार अश्वशक्तीहून मोठं इंजिन होतं. आमच्यामागं होतं चार पदरी रबर. रबर पिळातून जोर देतं, वेग नाही. त्याला मोठा, आळशी, भरपूर हवा हळूच मागं सारणारा पंखा लागतो. रबराच्या विमानात पंख्याचा व्यास पसाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या खाली सहसा नेत नाहीत. २० इंचाला म्हणजे १७० मिलिमीटर आणि वर. १४० च्या ऐवजी १८० चा पंखा घेतला तर तो जेवढी हवा पकडतो तिचं क्षेत्रफळ ६५ टक्क्यांनी वाढतं.

म्हणजे दोन मागण्यांचं भांडण होतं आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या. १६० चा तीन पात्यांचा पंखा करून तोडगा काढायचा विचार भाच्यानं मांडला. मी नको म्हणालो. तो ना कपाटात खरा दिसला असता ना हवेत नीट ओढला असता.

स्केल मॉडेलवाल्यांत यावर जुना उपाय आहे, तो आम्ही केला. नाकाचा ठोकळा सुटा करायचा. मागं चौकोनी खुंटी, म्हणजे तो भोकात फिरणार नाही, आणि असे दोन ठोकळे. एकावर किटचा तीन पात्यांचा पंखा आणि स्पिनर, दाखवायला. दुसऱ्यावर उडवायचा १८० चा पंखा, रबर अडकवायचा हूक, आणि सायकलच्या फ्रीव्हीलसारखं पीळ संपल्यावर पंखा मोकळा फिरू देणारं तारेचं छोटं कुलूप. पीळ संपल्यावर पंखा अडून राहिला तर तो ब्रेकसारखा ओढतो. आस आणि ठोकळा यांच्यामध्ये घासू नये म्हणून महाद्वार रोडवर पोत ओवणाऱ्याकडून आणलेला काचेचा एक काळा मणी. विकत मिळणाऱ्या कुठल्याही बेअरिंगपेक्षा हलका. त्यानं पैसे घेतले नाहीत, कशाला पाहिजे एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून आणखी दोन दिले.

"पण दोन पाती? हरिकेनला?" भाच्याची तक्रार.

"फिरायला लागल्यावर मोजणार कोण?"

उडवायचा पंखा आधी आम्ही दह्याच्या मोठ्या प्लास्टिक कपातून कापायचा प्रयत्न केला. कपाची वक्र भिंत पात्याला आयता पीळ देते, ही युक्ती चांगली आहे. पण तो कप पॉलिप्रॉपिलीनचा होता. या प्लास्टिकला साधा कुठलाच गोंद धरत नाही. मी बुंधा खरवडला, इपॉक्सी लावलं, रात्रभर ठेवलं. शंभराव्या फेऱ्याला एक पातं सुटून हॉलच्या छतावरच्या झुंबरात गेलं. ते अजून तिथंच असावं. अशी पाती बांधायची तर बुंध्याला भोकं पाडून दोऱ्यानं आवळावी लागतात, चिकटवायची नाहीत.

शेवटी बाल्साच वापरलं. दीड मिलिमीटरची फळी पात्याच्या आकारात कापली, गरम पाण्यात भिजवली आणि दूध पावडरच्या डब्यावर, डब्याच्या उभ्या रेषेशी १५ अंश तिरकी ठेवून बँडेजनं आवळली. दुसरं पातं त्यानं आरशासारखं उलट्या बाजूला तिरकं लावायला घेतलं होतं, तेवढ्यात मला नट आठवला. पावसाळी हवेत ती वाळायला दोन दिवस लागले. काळा रंग, आणि टोकाला चार मिलिमीटर पिवळा पट्टा. खऱ्या विमानावर तो चार इंचांचा असायचा, फिरता पंखा जमिनीवरच्या माणसाला दिसावा म्हणून.

काचेचा मोतीबिंदू

कॅनोपी पांढरी पडण्याचं कारण मला बघताक्षणी कळलं होतं, कारण वीस वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. भाच्यानं ती इन्स्टंट ग्लूनं चिकटवली होती. हा गोंद म्हणजे सायनोअक्रिलेट. तो हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, आणि घट्ट होताना त्याची वाफ उठते. ती वाफ जवळच्या गार, गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन बसते. कॅनोपी म्हणजे बंद खोली, वाफेला बाहेर जायला वाटच नाही. त्यात जूनमधली कोल्हापूरची हवा. आतल्या बाजूनं बसलेला हा थर बाहेरून पुसता येत नाही.

टूथपेस्टनं घासून बघायला हरकत नव्हती, पण त्यासाठी कॅनोपी काढावी लागणार होती, आणि काढताना ती फुटली. मग नवी केली, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आनंद दिला तो या कामानं.

मिस्त्रींनी शिसवाच्या तुकड्यातून कॅनोपीचा साचा कोरला. त्यांना एक गोष्ट पचायला वेळ लागला. फाउंड्रीत बीड ओतलं की गार होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करतात. इथं प्लास्टिक साच्याच्या बाहेरून बसणार, म्हणून साचा प्लास्टिकच्या जाडीएवढा लहान हवा. "आयुष्यभर वाढवत आलो, आता बारीक करायला सांगताय," असं म्हणत त्यांनी सगळ्या बाजूंनी पाव मिलिमीटर उतरवला. साच्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा काचेत उतरतो म्हणून आम्ही तो शेवटी ओल्या, बारीक पॉलिश पेपरनं आरशासारखा केला. खालच्या बाजूला साचा दीड सेंटिमीटर जास्त उंच ठेवला. कॅनोपीची खरी कड जिथं संपते तिथं प्लास्टिक वळायला लागतं, आणि तेवढा भाग नंतर कापून टाकायचा असतो.

मग थंड पेयाची एक लिटरची रिकामी बाटली. बूड कापलं, साचा आत सरकवला, मागं लाकडी पाचर मारली आणि वरून हॉट एअर गन. बाटलीचं पीईटी गरम झालं की आक्रसतं आणि साच्याला चिकटून बसतं. पहिल्या बाटलीला मी गन जवळ धरली, प्लास्टिक दुधाळ झालं. दुसरीला सुरकुती राहिली. तिसरी बसली तेव्हा भाचा आणि मिस्त्री दोघं एकदम "आलं!" म्हणून ओरडले, आणि शेजारच्या लेथवरचा माणूस काय झालं बघायला आला.

चिकटवायला या वेळी साधा फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकानं कडेला लावून, वर मास्किंग टेप, रात्रभर हात लावायचा नाही. हरिकेनच्या कॅनोपीला पट्ट्या भरपूर. त्या ब्रशनं रंगवायचा हट्ट करू नका, हात कितीही स्थिर असो. टिश्यूचा तुकडा आधी रंगवून वाळवायचा, स्टीलच्या पट्टीवर ब्लेडनं एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं बसवायच्या.

बाकीच्या प्लास्टिकची कहाणी थोडक्यात. काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाची, एक बाजू आधीच वितळून खड्डा पडलेला होता, कारण त्यानं एनसी थिनरमध्ये कालवलेला रंग मारला होता. पॉलिस्टायरीनला थिनर म्हणजे आमटीत विरघळणारा गूळ. तिथं आता कागदी लगदा आणि पाण्यातला ॲक्रेलिक रंग आहे. भरीव प्लास्टिकची चाकं काढून बाल्साच्या चकत्यांची केली, दीड ग्रॅम वाचला. धुराड्यांच्या नळ्या गुंडाळलेल्या कागदाच्या. वैमानिकाला कमरेपासून कापून आतून पोकळ केला. कापताना भाच्यानं डोळे मिटले होते.

शेपटीच्या चाकावर मात्र मी अडून बसलो. ते फक्त ०.४ ग्रॅमचं, पण तोलाच्या बिंदूपासून मागं २५० मिलिमीटर. पंखा तोलाच्या पुढं ९५ मिलिमीटरवर. म्हणजे शेपटीतल्या त्या ०.४ ग्रॅमला तोलायला नाकात एक ग्रॅमहून जास्त माती. याउलट नाकातलं प्लास्टिक, ज्याला मी पहिल्या दिवशी शिव्या दिल्या होत्या, ते बऱ्याच अंशी मातीचंच काम करत होतं. हरिकेनचं नाक आखूड, तिथं वजन घालावंच लागतं. मग ते मातीऐवजी दिसणाऱ्या वस्तूत असलेलं काय वाईट? शेपटीचं चाक कागदाचं केलं.

तपोवन, नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी पावणेसात. वारा नऊनंतर सुटतो, त्याआधी उरकायचं. विमान ३० ग्रॅम, उडवायचं नाक लावलेलं, त्याच्या मागं सव्वा ग्रॅम माती. ती त्याच ठोकळ्याला चिकटलेली, म्हणजे नाक बदललं की तोल परत बघायला नको.

आधी पीळ न देता नुसतं सोडून पाहिलं. ठीक. दीडशे फेऱ्यांना ते डावीकडं कलंडून गेलं. मोठ्या पंख्याचा उलटा पीळ अंगाला डावीकडं लोटतो, त्याला उतारा म्हणून नाक किंचित उजवीकडं आणि खाली बघायला हवं. ठोकळ्याच्या मागं डाव्या बाजूला आणि वरच्या बाजूला पोस्टकार्डचे तुकडे सारले. तिसऱ्या फेकीला एक तुकडा आणखी. १८० चा पंखा लावून विमान चाकांवर उभं राहत नाही, पातं जमिनीला लागतं, म्हणून धावपट्टीवरून उडवायचं त्याचं स्वप्न तेवढं राहिलं. ते त्याला मान्य व्हायला आठवडा लागला होता.

पाचव्या फेकीला साडेतीनशे फेरे. विमान हातातून सुटलं, उजवीकडं मोठा वळसा घेत डोक्याच्या वर चढलं, आणि सूर्य त्याच्या मागं आला. पाती दिसेनाशी झाली. दोन की तीन, काही कळत नव्हतं. नाकाभोवती फक्त एक बारीक पिवळी कडी लकाकत होती.

"मामा, रिंग!" भाचा पळता पळता ओरडला.

एकवीस सेकंद. उतरताना गवतात नाक घासलं, ठोकळा सुटून बाजूला पडला, पातं शाबूत. नाक सुटं असण्याचा हा फायदा मी हिशेबात धरलाच नव्हता. पूर्वी असा धक्का थेट पुढच्या कड्यांना बसायचा. त्या सकाळी आणखी सहा फेकी झाल्या, सगळ्या सोळा ते बावीस सेकंदांच्या आत.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. पावसात ढिला पडलेला डाव्या पंखाचा टिश्यू पुन्हा ताणला तेव्हा पंखाच्या टोकाला हलका पीळ आला, तो अजून आहे. कदाचित उजव्या वळशाला त्याचाच हातभार असेल, म्हणून मी त्याला हात लावत नाही. पोटाखालचा प्लास्टिकचा रेडिएटर गवतात उतरताना दरवेळी निघतो. तो आता मुद्दामच फेव्हिकॉलच्या दोन थेंबांवर ठेवलाय.

विमान भाच्याच्या खोलीत छताला दोऱ्यानं टांगलेलं असतं, आणि बघायला येणाऱ्याला त्यावर दोनच पाती दिसतात, कारण नाक बदलायचं तो दर रविवारी विसरतो. तीन पात्यांचं खरं नाक ताईच्या फ्रीजवर, विजेच्या बिलांच्या शेजारी, स्टीलच्या वाटीत पडून आहे. येता-जाता ताई ते बोटानं फिरवून बघते.